स्टुडिओतला दवाखाना

अप्पा गेल्यानंतरची ती पहिली दिवाळी होती. अप्पा म्हणजे माझे सासरे. घरात कंदील लागला नव्हता, फराळ केला नव्हता. शेजारणींनी आणून दिलेल्या ताटांतलं जे काही होतं ते डब्यांत तसंच पडून होतं. लेक पुण्याहून कॉलेजच्या सुट्टीला आली होती आणि नुसती या खोलीतून त्या खोलीत फिरत होती. भाऊबीज झाली तशी ती स्वयंपाकघरात आली आणि आवाज बारीक करून म्हणाली, "आई, स्टुडिओ बघायला जाऊया का ग? तू आणि मी. एकच दिवस."

स्टुडिओ म्हणजे शहराबाहेरच्या माळावरचा. आधी तिथं नुसतं शूटिंग चालायचं. आता तिकीट लावून लोकांना आत सोडतात, सेट दाखवतात, खेळ करतात. फाटकाबाहेर पाळणे, खाण्याच्या गाड्या, फोटोची दुकानं असा बारा महिन्यांचा उरूसच भरलेला असतो. कोल्हापूरला सिनेमाचं अप्रूप तसं नवं नाही. आमच्या गल्लीतच दोन-तीन घरं अशी आहेत, जिथले आजोबा कुठल्या ना कुठल्या जुन्या चित्रपटात भाला धरून राजाच्या मागं उभे होते. तरी हा स्टुडिओ आम्ही पाहिला नव्हता. गावातलं बघायचं राहतंच नेहमी.

"यंदा नको," मी म्हणाले. "लोक काय म्हणतील?"

"लोकांना कोण सांगणार आहे?"

"मी पण येतो," मागून आवाज आला.

दारात माझ्या सासूबाई उभ्या होत्या. आमच्याकडच्या जुन्या बायका 'येते' म्हणत नाहीत, 'येतो'च म्हणतात. सासूबाई मूळच्या गडहिंग्लजकडच्या. अप्पांचा तिथं मिरचीचा व्यापार होता. बोलण्यात मराठी आणि कानडी दोन्हींची ये-जा. त्यांची मुलं त्यांना अव्वा, म्हणजे आई, म्हणतात, म्हणून मीही लग्न झाल्यापासून अव्वाच म्हणत आले. अप्पांनी दुकान आवरलं तेव्हा दोघं कोल्हापूरला आमच्याकडं राहायला आली होती.

"अव्वा, अजून वर्ष व्हायचंय," मी म्हणाले.

"आपल्या लिंगायतांत सुतक नसतंय. स्वामी आल्ते तवा त्यांनीच सांगितलं न्हाई का? मग मला का कोंडून ठेवायलाय?"

कोंडून ठेवलंय, हे त्या रागानं म्हणाल्या नव्हत्या. पण मला ते लागलं. गेले तीन-चार महिने आम्ही त्यांना जपत होतो, निदान आमची तशी समजूत होती. कुणाच्या बारशाला नाही, बाजाराला नाही. टीव्हीचा आवाजसुद्धा कमी. त्यांनी स्वतः यातलं काहीच मागितलं नव्हतं. हे सगळं आम्हीच ठरवलं होतं, आणि त्यातलं निम्मं माझ्या नणंदेला बरं वाटावं म्हणून.

रात्री नवऱ्याला सांगितलं. तो पंख्याकडं बघत होता. मग म्हणाला, "तिला जावंसं वाटतंय तर ने. फक्त अक्काला आत्ताच काही बोलू नकोस."

अक्का म्हणजे हीच नणंद, नवऱ्याची मोठी बहीण. गडहिंग्लजला असते. अप्पांवर तिचा फार जीव. अप्पा गेले त्या संध्याकाळी ती एस.टी.त होती, पोचली तेव्हा सगळं संपलं होतं. त्या गोष्टीचा तिला राग होता आणि तो कुणावर काढावा हे तिला कळत नव्हतं. म्हणून ती रोज फोन करून विचारायची, आज घरात काय केलं, कोण आलं, अव्वा जेवली का. त्या फोनला मी थोडी भिऊनच असायची.

जायच्या दिवशी अव्वा पहाटेच उठून बसल्या होत्या. करड्या रंगाचं साधं लुगडं नेसल्या होत्या, कपाळाला विभूती, आणि हातात फडक्यात बांधलेल्या भाकऱ्या. रिक्षातून उतरलो तर फाटकावरच्या सुरक्षारक्षकानं पिशवी उघडायला लावली.

"आज्जी, बाहेरचं खाणं आत न्हेता येत न्हाई."

"बाहेरचं कुठं हाय? घरचं हाय की."

त्याच्या मागचे दोघं हसले, तोही हसला, पण पिशवी काही सोडली नाही. मग आम्ही तिघी तिथंच पायरीवर बसलो आणि दहा वाजायच्या आत भाकरी, शेंगाची चटणी आणि कांदा खाऊन मोकळ्या झालो. मी आजूबाजूला बघत होते, कुणी ओळखीचं दिसतंय का म्हणून. मी औषधाच्या दुकानात फार्मासिस्ट आहे. अर्धं शहर मला काउंटरपलीकडून ओळखतं.

फाटकाबाहेरचा तो रस्ता म्हणजे नुसता गोंगाट होता. एका बाजूला मिसळ आणि भडंग, दुसऱ्या बाजूला बर्फाचे गोळे, मध्ये फुगे फोडायची बंदूक. एका दुकानात भाड्यानं राजाचा अंगरखा आणि दाढीमिशा मिळत होत्या. तिथं एक घामाघूम झालेलं नवीन जोडपं राजाराणी होऊन उभं होतं. पुढं एक जुनी जीप होती, पोलिसांच्या रंगानं रंगवलेली. त्यात बसून काळा चष्मा घालून फोटो काढायचा.

"अज्जी, बस की," लेक म्हणाली.

मी नको म्हणायच्या आत अव्वा जीपमध्ये चढल्यासुद्धा. फोटोवाल्यानं त्यांच्या नाकावर चष्मा चढवला, हातात लाकडी दांडका दिला. त्या एकदम ताठ बसल्या. लेकीनं आपल्या फोनवरही फोटो काढले. नेमक्या त्याच वेळी आमच्या मागच्या गल्लीतल्या एक बाई नातवंडांना घेऊन समोरून आल्या. अप्पा गेले तेव्हा त्या भेटायला येऊन गेल्या होत्या. थांबल्या, अव्वांकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"बाहेर पडलात, बरं केलंत," त्या म्हणाल्या.

शब्द चांगलेच होते. पण मला वाटलं, आपण चोरी करताना सापडलो. मी उगाचच म्हणाले, "मुलीची सुट्टी आहे ना, म्हणून." म्हणजे मी सगळं लेकीवर ढकललं. लेकीनं ते ऐकलं आणि माझ्याकडं एकदा पाहिलं.

आत गेल्यावर मात्र मी जरा सैल झाले. उघड्या ट्रॉलीतून फिरवतात. गाइड चाळिशीचा होता, डोक्याला टोपी, गळ्यात स्पीकर. तो स्वतः पुष्कळ चित्रपटांत गर्दीत उभा राहिला आहे असं त्यानंच सांगितलं. "मला बघायचं असंल तर पिक्चर थांबवून बघाय लागतंय," तो म्हणाला, आणि ट्रॉलीतली माणसं हसली. खेड्यातली एक गल्ली होती, तिला पुढं भिंती, मागं बांबू आणि पत्रे. पोलीस ठाण्याला लागूनच देऊळ. देवळाच्या मागच्या अंगाला कोर्ट. अव्वांनी प्रत्येक दाराच्या मागं जाऊन बघितलं, आणि मागं काही नाही असं दिसलं की "अय्यो" म्हणून परत आल्या.

मग एका अंधाऱ्या दालनात नेलं. तिथं पडद्यावर बिनआवाजाचा एक प्रसंग दाखवतात आणि बघायला आलेल्यांतल्या चार-पाच जणांना पुढं बोलावून त्यांच्याकडून आवाज करून घेतात. घोड्याच्या टापांना नारळाच्या करवंट्या, पावसाला सुपात खडे, विजेला पत्रा. गाइडनं सगळ्यांकडं नजर फिरवली आणि म्हणाला, "वीज कोण हुणार? आज्जी, तुम्ही या."

अव्वा गेल्या. हातात त्यांच्या उंचीएवढा पत्रा. पडद्यावर एक घोडेस्वार वादळातून येतो, वाड्यापाशी उतरतो, आत जातो आणि म्हाताऱ्या आईच्या पाया पडतो, एवढाच प्रसंग. वीज चमकली तेव्हा अव्वा बघतच राहिल्या. घोडेस्वार आत गेला, दार लागलं, तो आईपुढं वाकला, आणि तेवढ्यात अव्वांनी सगळा जोर लावून पत्रा हलवला. असा गडगडाट झाला की एक पोरगं रडायला लागलं. गाइड म्हणाला, "आज्जी, वीज म्हातारीच्या डोस्क्यावर पडली की." सगळं दालन हसलं. आणि अव्वा हसल्या. पत्रा धरून, तोंडाला पदर लावून, खांदे हलवत, थांबेचनात. अप्पा गेल्यापासून त्या हसल्याचं मला आठवत नव्हतं. मीही हसले, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

आणि त्या हसण्यातच मनात आलं, अप्पा असते तर ते किती हसले असते. तिथून पुढं हसू आतून गळूनच गेलं. तोंड हसत होतं, एवढंच.

बाहेर आलो तर फोन वाजत होता. अक्का.

"वैनी, कुठं हाय तुम्ही?"

"अक्का, आम्ही..."

"मला दिसलं की. पोरीनं स्टेटस ठेवलंय. जीपमदी बसवलंय माझ्या अव्वाला. काळा चष्मा घालून." तिचा आवाज चढला नव्हता, उलट खाली गेला होता. "अप्पाला जाऊन किती दिस झालं वैनी? वर्ष तरी काढायचं होतं. तुमची हौस होती तर तुम्ही जायचं. तिला कशाला तमाशात बसवलं?"

अव्वांनी स्वतःच यायचं म्हटलं, हे मला सांगता आलं असतं. मी सांगितलं नाही. का, ते मलाही नीट कळलेलं नाही. कदाचित मघाशी मीच मनापासून हसले होते म्हणून. मी फक्त म्हणाले, "चुकलं अक्का." तिनं फोन ठेवला.

लेकीचा चेहरा उतरला. "मी काढून टाकते स्टेटस."

"राहू दे आता," मी म्हणाले. अव्वा पुढं गेल्या होत्या, त्यांना यातलं काही ऐकू गेलं नव्हतं. मी लेकीला म्हटलं, "त्यांना सांगू नकोस. दिवस नीट जाऊ दे."

ट्रॉली पुढच्या इमारतीपाशी थांबली. बाहेर मोठा लाल क्रॉस. आत पाऊल टाकलं आणि मी जागच्या जागी उभी राहिले. हॉस्पिटलचा सेट होता तो. एक लांब खोली, हिरवे पडदे, चार खाटा, आणि टोकाला काचेआड आयसीयू. तिथं एकच खाट. बाजूला सलाइनचा स्टँड, ऑक्सिजनचा मास्क, आणि एक मॉनिटर, ज्यावर हिरवी रेघ टक टक आवाज करत पुन्हा पुन्हा तशीच धावत होती. वास मात्र कसलाच नव्हता. रंगाचा आणि प्लायवूडचा तेवढा.

"हितं कुणाला पेशंट व्हायचं असंल तर झोपा, फोटो काढा," गाइड म्हणाला. एक गृहस्थ लगेच बूट काढून खाटेवर आडवे झाले. त्यांच्या बायकोनं मास्क त्यांच्या तोंडावर धरला, मुलानं डॉक्टरचा कोट घातला, आणि सगळी हसून हसून लाल झाली. त्यांची काही चूक नव्हती. मघाशी आम्हीही तशाच हसलो होतो.

माणसं पुढं सरकली. लेकीनं अव्वांचा हात धरला, "चल अज्जी." अव्वांनी हात सोडवून घेतला.

"तुम्ही व्हा पुढं," त्या म्हणाल्या. मग मला म्हणाल्या, "तू थांब."

अप्पा ज्या हॉस्पिटलमध्ये होते तिथं आयसीयूत दिवसातून एकदा, एकाच माणसाला सोडत. तो नियम सगळ्यांनाच होता. घरात ठरलं की मी जावं. मला डॉक्टरांची भाषा कळते, औषधांची नावं कळतात, मी घाबरत नाही. नवरा एकदा गेला होता आणि बाहेर येऊन भिंतीला टेकून बसला होता. अव्वांना वर पाठवावं असं कुणाच्या मनात आलं नाही असं नाही. पण त्या बघून खचतील, असं आम्हीच एकमेकांना म्हणालो. त्या खालच्या हॉलमध्ये लिफ्टसमोर बसून राहायच्या, मांडीवर डबा घेऊन. मी खाली आले की माझ्या तोंडाकडं बघायच्या. मी सांगायची, "आज बरे आहेत." शेवटच्या दिवशीही वर मीच होते.

आता त्या खाटेपाशी गेल्या. चादरीवर त्या गृहस्थांच्या अंगाच्या सुरकुत्या पडल्या होत्या. अव्वांनी त्या तळहातानं सरळ केल्या.

"असंच होतं का आत?"

"साधारण असंच," मी म्हणाले. "यंत्रं जास्त होती. आवाज फार असायचा."

"तू कुठं उभारत होतीस?"

मी दाखवलं. मॉनिटरच्या बाजूला, पायथ्याशी. त्या बरोबर तिथं येऊन उभ्या राहिल्या, मला थोडं सरकवून. उशीकडं बघितलं.

"त्यांचं त्वांड कुठल्या बाजूला असायचं?"

मी बोलायला तोंड उघडलं आणि मला काही सांगताच येईना. मी डोळे मिटून आठवायला लागले. मला ऑक्सिजनचा आकडा आठवला. रक्तदाबाचा आठवला. सलाइनच्या पिशवीवर काय लिहिलं होतं ते आठवलं, कुठल्या इंजेक्शनचा डोस वाढवला होता ते आठवलं. पण तोंड डावीकडं होतं की उजवीकडं, नाही.

"आठवत नाही, अव्वा."

"दाढी केल्ती का कुणी? दोन दिस झालं की त्यांना खाजतंय."

"माहीत नाही."

"दिवा चालू असायचा? त्यांना उजेडात झोप येत न्हाई. घरात तर डोळ्यांवर रुमाल टाकायचे."

"दिवा होता," मी म्हणाले. "पण डोळ्यांवर काही..."

"पाय? पाय उघडे होते का पांघरुणात?"

पायथ्याशी तर मी उभी होते. रोज. माझ्या हाताच्या अंतरावर त्यांचे पाय होते. आणि मला ते आठवत नव्हते.

अव्वा मला तपासत नव्हत्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता, त्या नुसत्या विचारत होत्या, गावाहून आलेल्या माणसाला पिकापाण्याची चौकशी करावी तसं. तेच मला सोसवेना. सगळ्या घरातून एकाच माणसाला आत जायला मिळत होतं. ती जागा खरं तर त्यांची होती. ती मी घेतली, आणि तिथं उभी राहून मी यंत्र बघत बसले. त्या गेल्या असत्या तर एका नजरेत सगळं बघून आल्या असत्या. आकडा एकही कळला नसता, पण अप्पांच्या डोळ्यांवर रुमाल पडला असता.

"अव्वा, तुम्ही जायला हवं होतं," मी म्हणाले. "आम्ही तुम्हाला पाठवायला हवं होतं."

बाजूला एक स्टूल होतं, त्यावर त्या बसल्या आणि खाटेच्या कडेवर हात ठेवला. रिकामी खाट, पण हात असा ठेवला होता की मला दुसरीकडं बघावं लागलं. त्या कानडीत काहीतरी बोलल्या, हळू. मला कानडी कळतं, पण पूर्ण नाही. आणि त्या क्षणी मी कळून घ्यायचा प्रयत्नही केला नाही. ते माझ्यासाठी नव्हतं.

गाइड शोधत आला. "आज्जी, ट्रॉली निघाली की..." असं म्हणत तो दारापर्यंत आला आणि थांबला. आम्हाला दोघींना बघितलं. मॉनिटरपाशी जाऊन त्यानं मागचं बटण बंद केलं. रेघ विझली, तो टक टक आवाजही थांबला.

"बसा निवांत," तो म्हणाला. "मागनं दुसरी ट्रॉली येती, तीत बसवतो तुम्हास्नी."

तो बाहेर जाऊन दारात उभा राहिला आणि पुढच्या घोळक्याला त्यानं कोर्टाकडं वळवलं. तसं त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

थोड्या वेळानं अव्वा उठल्या. "साकु," म्हणाल्या. पुरे. पदर सावरला आणि मला म्हणाल्या, "तुला दोष द्यायला न्हाई विचारलं मी. कुणी सांगितलंच न्हाई मला काय. नुसतं 'बरं हाईत, बरं हाईत.' मला बघायचं होतं."

मी स्टूल होतं तिथं सरकवून ठेवलं आणि त्यांच्या मागोमाग बाहेर पडले.

लेक बाहेर कठड्यावर बसली होती. तिनं रडून घेतलं होतं, डोळ्यांवरून कळत होतं. बाहेरच्या रस्त्यावर आल्यावर तिच्याच्यानं राहवलं नाही आणि तिनं आत्याचा फोन आल्याचं अज्जीला सांगून टाकलं. अव्वांनी फोन मागितला. भडंगच्या गाडीशेजारी उभं राहून, एका कानावर हात ठेवून, त्या मोठ्यानं बोलल्या.

"व्हय, मीच आलोय. मीच म्हटलं न्या म्हणून. वैनीला काय बोलायचं न्हाई तू." मग बराच वेळ पलीकडचं ऐकत राहिल्या. "व्हय. व्हय ग. मला बी येतंय रडू. तू ये हिकडं. फोनवर नको."

फोन परत देताना त्या लेकीला म्हणाल्या, "त्वा पाळण्यात बसायचं म्हणत होतीस न्हवं? जा, बसून ये." लेक नको म्हणाली. तेव्हा आम्ही तिघी रिक्षा करून घरी आलो.

आठवड्याभरानं अक्का आली. मी दुकानातून घरी पोचले तर ती स्वयंपाकघरात अव्वांशेजारी बसून लसूण सोलत होती. मला बघून उठली नाही. मी पाणी प्यायले, पातेलं चढवलं. मला वाटत होतं ती आता बोलेल, आणि बोलली तर ऐकून घ्यायचं मी ठरवलं होतं.

"अव्वानं सांगितलं सगळं," ती म्हणाली. खाली बघूनच. "तुम्हाला तिथलं काय विचारलं तिनं, ते."

"हो."

"मी बी एक विचारू?"

"विचारा."

तिनं हातातली पाकळी परातीत टाकली. "माझं नाव काढलं का वैनी अप्पानं? एकदा तरी?"

खोटं बोलणं किती सोपं होतं. एक शब्द, आणि ती जन्मभर तो जपून ठेवणार होती. पण अव्वा समोर बसल्या होत्या आणि 'बरे आहेत' म्हणून मी आधीच पुष्कळ खोटं बोलले होते.

"मास्क होता, अक्का. त्यांना बोलता येत नव्हतं. एक-दोनदा ओठ हलले. मी जवळ जाऊन ऐकायला हवं होतं, मी डॉक्टरांना हाक मारायला गेले. काय म्हणत होते ते मला माहीत नाही."

अक्का रडायला लागली. अव्वांनी तिला जवळ घेतलं नाही, नुसता तिच्या पाठीवर हात ठेवला आणि दुसऱ्या हातानं लसूण बाजूला सरकवला. मी गॅस बारीक करून तिथंच उभी राहिले. निघून जावंसं वाटत होतं आणि जाणं बरोबर नव्हतं.

अक्का दोन दिवस राहिली. माझ्याशी बोलली, पण कामापुरतं. जाताना मी तिला एस.टी. स्टँडवर सोडायला गेले. गाडी लागली होती, कंडक्टर "गडहिंग्लज, गडहिंग्लज" ओरडत होता. पायरीवर एक पाय ठेवून ती वळली.

"वैनी, ते हॉस्पिटल बघायचं हाय मला. पिक्चरमधलं. खऱ्यात तर वेळेवर पोचले असते तरी मला वर जाऊच दिलं नसतं."

"नेते," मी म्हणाले.

तिनं मान हलवली आणि आत जाऊन खिडकीपाशी बसली. गाडी निघाली तेव्हा तिनं हात केला नाही, मीही केला नाही.

तिला अजून नेलेलं नाही. ती दोनदा येऊन गेली, दोन्ही वेळा मी दुकानाचं कारण सांगितलं. त्या खाटेपाशी मी पुन्हा उभी राहिले आणि तिनं मला आणखी काही विचारलं, तर मला तेही माहीत नसेल, याची मला भीती वाटते. अव्वा हे ओळखून आहेत. मधून त्या म्हणतात, "तुला जमत न्हाई तर मी न्हेतो तिला. वाट ठावं हाय मला." आणि मी म्हणते, "नाही अव्वा, मीच नेते. या महिन्यात नेते."